कैरोची योलांडा, पॅरिसची दालिदा

पॅरिसच्या मोमार्त्र टेकडीवरील एका लहानशा चौकात एका स्त्रीचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. चौकाला तिचेच नाव दिलेले आहे. तिच्या निधनाला दहा वर्षे झाली तेव्हा, १९९७ साली, पॅरिस शहराने तिचा हा गौरव केला. या गायिकेचा जन्म मात्र पॅरिसचा नव्हे, फ्रान्सचाही नव्हे. ती जन्मली आणि वाढली नाईलच्या काठी, कैरोमध्ये. तिचे आईवडील इटालियन वंशाचे. ती गायली फ्रेंचमध्ये, इटालियनमध्ये, अरबीत, जर्मनमध्ये, स्पॅनिशमध्ये, हिब्रूत आणि इंग्रजीत. तीस वर्षे तिने युरोप आणि अरब जगातील रसिकांवर अधिराज्य केले. तिचे नाव दालिदा. गायिका म्हणून तिला अफाट यश लाभले. पण तिचे पहिले स्वप्न गाण्याचे नव्हते, अभिनयाचे होते. ते स्वप्न पुरे होण्यासाठी तिला आयुष्याच्या अखेरीपर्यंत वाट पाहावी लागली.

योलांडा जिल्योत्ती हे तिचे मूळ नाव. १७ जानेवारी १९३३ रोजी कैरोच्या शुब्रा या वस्तीत तिचा जन्म झाला. दक्षिण इटलीतील कालाब्रिया प्रांतातल्या सेरास्त्रेत्ता या गावातून तिचे कुटुंब पोटापाण्यासाठी इजिप्तमध्ये आले होते. वडील पिएत्रो हे कैरोच्या ऑपेरा हाऊसमध्ये व्हायोलिनवादक, तर आई ज्युसेप्पिना शिवणकाम करून संसाराला हातभार लावणारी. योलांडा ही दोन भावांमधली एकुलती बहीण. त्या काळचे कैरो हे अनेक भाषांचे शहर होते. इटालियन, ग्रीक, आर्मेनियन, ज्यू आणि सीरियन कुटुंबे अरबी भाषकांच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या राहत होती. घरात इटालियन, रस्त्यावर अरबी आणि प्रतिष्ठितांच्या वर्तुळात फ्रेंच अशा वातावरणात ही मुलगी वाढली. पुढे अनेक भाषांत सहजपणे गाणाऱ्या दालिदाची घडण शुब्राच्या या गल्ल्यांत झाली होती.

बालपण मात्र सुखाचे नव्हते. योलांडा दहा महिन्यांची असताना तिच्या डोळ्यांना संसर्ग झाला. उपचार म्हणून त्या तान्ह्या मुलीच्या डोळ्यांवर सुमारे चाळीस दिवस पट्टी बांधून ठेवण्यात आली. पट्टी सुटली, परंतु डोळ्यांत तिरळेपणा राहिला. पुढे शस्त्रक्रिया झाल्या, लहानपणीच जाड भिंगांचा चष्मा लागला आणि शाळेत चेष्टा वाट्याला आली. अंधाराची भीती आणि झोप न येण्याची व्यथा तिला जन्मभर पुरली. ज्या स्त्रीच्या सौंदर्याची वर्णने पुढे युरोपभरच्या नियतकालिकांनी केली, ती किशोरवयात स्वतःला कुरूप समजत होती.

दुसरा आघात युद्धाने केला. जून १९४० मध्ये इटली ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरली आणि इजिप्तमधील ब्रिटिशांनी तेथल्या इटालियन पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडले. व्हायोलिनवादक पिएत्रोची रवानगी छावणीत झाली. चार वर्षांनी ते परतले तेव्हा घरच्यांना ओळखू येणार नाहीत इतके बदलले होते. संगीतावर प्रेम करणारा हा माणूस आता शीघ्रकोपी आणि हिंसक झाला होता. बायकामुलांवर त्यांचा हात उठू लागला. १९४५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा योलांडा बारा वर्षांची होती. ज्या बापाचा लळा होता त्याचीच धास्ती घ्यावी लागली आणि मग तो कायमचा निघून गेला. हे दुःख तिने कधी पूर्णपणे मागे टाकले नाही, असे तिच्या चरित्रकारांना वाटत आले आहे.

शिक्षण संपल्यावर तिने एका औषध कंपनीत टंकलेखिकेची नोकरी धरली. पण मन रमले होते चित्रपटांत. हॉलिवूडचे चित्रपट कैरोच्या चित्रपटगृहांत नेमाने लागत, आणि इजिप्तचा स्वतःचा चित्रपट उद्योगही तेव्हा ऐन भरात होता. चष्मा टाकून देऊन योलांडा सौंदर्यस्पर्धांत उतरली आणि १९५४ मध्ये 'मिस इजिप्त' ठरली. त्याच सुमारास तिला चित्रपटांत छोट्या भूमिका मिळाल्या. नियाझी मुस्तफा दिग्दर्शित 'सिगारा व कास' या चित्रपटात सामिया गमाल या विख्यात नर्तकीबरोबर ती दिसली. तूतनखामेनच्या मुखवट्यावरील एका फ्रेंच चित्रपटातही तिला काम मिळाले. सेसिल बी. डिमिलच्या 'सॅमसन अँड डिलायला'वरून तिने 'दालिला' हे नाव घेतले आणि १९५४ च्या नाताळात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, चित्रपटतारका होण्यासाठी पॅरिस गाठले.

पॅरिसला तिची गरज नव्हती. स्टुडिओंचे उंबरठे झिजवूनही कामे मिळेनात. शाँझेलिझेजवळ एका लहान खोलीत ती राहत होती आणि तिच्या शेजारी तिच्यासारखाच एक धडपडणारा, अनोळखी तरुण राहत होता. त्याचे नाव आलँ देलाँ. पुढे तो फ्रान्सचा सर्वांत देखणा नट म्हणून गाजला. चरितार्थासाठी दालिलाने गाणे शिकायला सुरुवात केली आणि रात्रीच्या क्लबांत ती गाऊ लागली. शास्त्रशुद्ध तालमीचा गळा तिच्यापाशी नव्हता. पण खर्जातला, किंचित खरखरीत, उबदार आवाज होता. आणि 'र'चा ठसठशीत उच्चार करणारी भूमध्य सागराकाठची बोली होती. एका लेखकाच्या सल्ल्यावरून तिने नावातला शेवटचा 'ल' बदलून 'द' केला. दालिलाची दालिदा झाली.

९ एप्रिल १९५६ या दिवशी तिचे नशीब उघडले. पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहाचा चालक ब्रुनो कोकात्रिक्स याने नव्या गायकांची स्पर्धा भरवली होती. 'युरोप १' या खासगी रेडिओचा संगीतविभाग सांभाळणारा ल्युसिएँ मोरीस आणि रेकॉर्ड कंपनीचा मालक एडी बार्क्ले हे दोघे प्रेक्षकांत होते. त्या संध्याकाळी सिनेमाला जावे की स्पर्धेला, याचा निर्णय त्यांनी फासे टाकून घेतला, असा किस्सा फ्रान्समध्ये आजही सांगितला जातो. फाशांचे खरे असो वा नसो, या तिघांच्या एकत्र येण्याने दालिदा घडली एवढे निश्चित. कोकात्रिक्सकडे रंगमंच होता, बार्क्लेकडे ध्वनिमुद्रणाचा कारखाना आणि मोरीसकडे रेडिओ.

यातला रेडिओ सर्वांत महत्त्वाचा ठरला. फ्रान्समध्ये प्रसारणावर सरकारची मक्तेदारी होती. त्यातून वाट काढण्यासाठी 'युरोप १'चे प्रक्षेपण १९५५ पासून सीमेपलीकडच्या सार प्रदेशातून होत असे. सरकारी केंद्रांचा भारदस्तपणा या वाहिनीला नको होता. तिला हवे होते तरुण श्रोते. १९५६ च्या अखेरीस दालिदाचे 'बाम्बिनो' हे गाणे आले. एका नेपोलिटन गीताचे ते फ्रेंच रूपांतर होते. मोरीसने ते दिवसातून अनेकदा वाजवले आणि काही आठवड्यांत ते घराघरांत पोहोचले. सप्टेंबर १९५७ मध्ये तीन लाखांहून अधिक विक्रीबद्दल तिला सुवर्ण तबकडी मिळाली. विशेष म्हणजे, याच हिवाळ्यात सुएझ कालव्यावरून फ्रान्स आणि ब्रिटनने इस्रायलबरोबर इजिप्तवर हल्ला चढवला होता. सरकार कैरोशी लढत असताना फ्रेंच श्रोते कैरोहून आलेल्या या मुलीवर लुब्ध झाले होते.

त्यानंतर यश थांबलेच नाही. 'गोंदोलिए', 'कोमे प्रीमा', 'लेझांफाँ द्यु पिरे' अशी एकामागून एक गाणी गाजली. शार्ल अझनावूरसारख्या मोठ्या गायकाच्या कार्यक्रमाच्या पूर्वार्धात गाणारी दालिदा लवकरच स्वतः मुख्य आकर्षण झाली. आई आणि भावांना तिने पॅरिसला आणले. धाकटा भाऊ ब्रुनो याने 'ओर्लांदो' हे नाव धारण केले आणि पुढे तिच्या कारकिर्दीची सूत्रे त्याच्याच हाती आली. १९६२ मध्ये तिने मोमार्त्र टेकडीवर घर घेतले. या काळात काही फ्रेंच आणि इटालियन चित्रपटही तिला मिळाले. परंतु ते बहुतेक गायिकेच्या लोकप्रियतेवर बेतलेले होते. नायिकेने चारदोन गाणी म्हणावीत आणि सुंदर दिसावे, यापलीकडे त्यांत तिला करण्यासारखे फारसे नव्हते. ज्यासाठी ती पॅरिसला आली होती ते दार अर्धवटच उघडले होते.

मोरीस आणि दालिदा यांचे प्रेम जमले, पण तो विवाहित होता. त्याचा घटस्फोट होऊन ८ एप्रिल १९६१ रोजी दोघांचे लग्न झाले तोवर त्या नात्यातला ओलावा ओसरला होता. काही आठवड्यांतच ती ज्याँ सोबिएस्की या तरुण चित्रकाराच्या प्रेमात पडली आणि तिने घर सोडले. वृत्तपत्रांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली. ज्याने तिला घडवले त्याच्याशी ती कृतघ्नपणे वागली, असा सूर उमटला. त्याच सुमारास जॉनी हालिडेसारख्या रॉक अँड रोल गाणाऱ्या तरुणांची लाट फ्रान्समध्ये आली होती. दालिदाचे दिवस भरले असे भाकीत अनेकांनी केले. डिसेंबर १९६१ मध्ये ती ऑलिंपियाच्या मंचावर उभी राहिली आणि तिने ते भाकीत खोटे ठरवले. १९६४ मध्ये एक कोटी तबकड्यांच्या विक्रीबद्दल तिला प्लॅटिनम तबकडी देण्यात आली.

१९६७ च्या जानेवारीत मात्र तिच्या आयुष्याला निराळेच वळण लागले. लुईजी तेंको हा इटलीचा एक मनस्वी गीतकार-गायक. इटलीतील सान रेमो महोत्सवात प्रत्येक गाणे दोन गायकांनी स्वतंत्रपणे सादर करायचे अशी तेव्हा पद्धत होती. तेंकोचे 'चाव आमोरे चाव' हे गीत तेंकोने आणि दालिदाने सादर केले. दोघांचे एकमेकांवर प्रेम होते. परीक्षकांनी ते गाणे अंतिम फेरीतून बाद केले. त्या रात्री तेंकोने हॉटेलच्या खोलीत आपले जीवन संपवले. निकालाचा निषेध नोंदवणारी चिठ्ठी त्याने मागे ठेवली होती. त्याचा मृतदेह पहिल्यांदा दिसला तो दालिदाला. महिनाभराने, २६ फेब्रुवारीला, पॅरिसच्या एका हॉटेलात तिनेही आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. पाच दिवस ती बेशुद्ध होती. डॉक्टरांनी तिला वाचवले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा ऑलिंपियाच्या मंचावर आली. या वेळी तिच्या अंगावर साधा, पायघोळ पांढरा पोशाख होता. गाणीही बदलली होती. उथळ प्रेमगीते कमी झाली, त्यांच्या जागी वियोग, काळ आणि एकाकीपणा यांविषयीची गीते आली. जनसामान्यांच्या मनात आता तिच्याविषयी केवळ कौतुक उरले नव्हते, त्याला एक प्रकारच्या श्रद्धेची झालर लागली होती. डिसेंबर १९६८ मध्ये जनरल द गॉल यांनी तिला प्रजासत्ताकाच्या अध्यक्षांचे पदक दिले. करमणुकीच्या क्षेत्रातील व्यक्तीसाठी हा मान अत्यंत दुर्मीळ होता. बाहेर असा गौरव होत असताना खासगी आयुष्यात तिला आणखी एक घाव सोसावा लागला होता. आपल्याहून बऱ्याच लहान अशा एका विद्यार्थ्यापासून तिला दिवस गेले होते. तेव्हा फ्रान्स आणि इटली या दोन्ही देशांत गर्भपात बेकायदा होता. तो चोरून करावा लागला आणि त्यानंतर तिला कधीच मूल होऊ शकले नाही. ही गोष्ट लोकांना कळली ती तिच्या मृत्यूनंतर, भावाच्या आठवणींतून.

या काळात ती वाचनाकडे आणि अंतर्मुखतेकडे वळली. फ्रॉइड आणि युंग तिने वाचले, मनोविश्लेषणाचे उपचार घेतले. आर्नो देजार्दां या फ्रेंच माहितीपटकाराशी तिची जवळीक झाली. भारतातील आश्रमांवर माहितीपट काढणारा देजार्दां हा बंगालमधील स्वामी प्रज्ञानपाद यांचा अनुयायी होता. त्याच्यामुळे भारतीय अध्यात्माची तिला ओळख झाली आणि १९७० च्या आसपास तिने भारताच्या वाऱ्या केल्या. बीटल्सच्या मागोमाग ऋषिकेशकडे धाव घेणाऱ्या पाश्चात्त्य कलावंतांचा तो काळ होता. दालिदाने मात्र आपल्या या प्रवासाचा गाजावाजा केला नाही आणि त्याची गाणीही केली नाहीत. गायन कायमचे सोडून द्यावे, असा विचार त्या दिवसांत तिच्या मनात घोळत होता. अखेरीस ती परतली ती मंचावरच.

परतल्यावर तिने जोखीम घेतली. लिओ फेरेसारख्या कवी-गायकाचे 'आव्हेक ल ताँ' हे काळाने सारे पुसले जाण्याविषयीचे गंभीर गीत तिने निवडले. अशा गाण्यांना तिचा श्रोता येईल की नाही याविषयी खुद्द कोकात्रिक्सला शंका होती. तेव्हा १९७१ मध्ये तिने स्वतःच्या जबाबदारीवर ऑलिंपियाचे कार्यक्रम केले आणि सभागृह भरले. याच काळात बार्क्लेची कंपनी सोडून तिने भावासोबत स्वतंत्र निर्मिती सुरू केली. स्वतःच्या गाण्यांची निवड आणि स्वतःच्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्क या दोन्ही गोष्टी स्वतःकडे ठेवणाऱ्या गायिका त्या काळी फार नव्हत्या.

पुढची दहा वर्षे तिच्या कलेचा परिपक्व काळ होय. १९७३ मध्ये आलँ देलाँबरोबर तिने 'पारोल पारोल' केले. यात देलाँ गोडगोड शब्दांची लयलूट बोलून करतो आणि दालिदा त्या शब्दांचा पोकळपणा गाऊन दाखवते. एकेकाळचे दोन निष्कांचन शेजारी आता फ्रान्सचे सर्वांत प्रसिद्ध चेहरे होते. त्याच वर्षी, अठरा वर्षांच्या तरुणाशी घडलेल्या क्षणिक भेटीनंतर स्वतःचे वय उमगलेल्या स्त्रीची कथा सांगणारे गाणे तिने गायले. १९७४ चे 'जिजी लामोरोसो' तर सात मिनिटांहून मोठे, अनेक पात्रांचे छोटे नाटकच आहे. त्यात ती निवेदन करते, हसते, हळहळते, गावातल्या माणसांची सोंगे आणते. ज्या अभिनयाला पडद्यावर वाव मिळाला नाही, तो तिने गाण्यात ओतला. म्हणूनच तिची भाषा न कळणाऱ्या श्रोत्यालाही गाण्यात काय घडते आहे ते समजत असे.

काळाची पावले ओळखण्याची कसबही तिच्याकडे होती. महायुद्धापूर्वीचे 'जातांद्रे' हे जुने गीत डिस्कोच्या ठेक्यावर आणून तिने फ्रान्समध्ये त्या लाटेला वाट करून दिली. १९७७ मध्ये इजिप्शियन लोकगीतावर आधारलेले 'सलमा या सलामा' तिने गायले, आणि मोरोक्कोपासून लेबनॉनपर्यंत ते दुमदुमले. त्यापाठोपाठ आलेले 'हेलवा या बलादी' हे मायभूमीच्या ओढीचे गीत आजही देशाबाहेर राहणाऱ्या इजिप्शियनांच्या ओठांवर असते. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तिचा कार्यक्रम झाला. जानेवारी १९८० मध्ये पॅरिसच्या 'पाले दे स्पोर' या प्रचंड क्रीडागृहात तिने नर्तकांचा ताफा, झगमगते पोशाख आणि अमेरिकन थाटाची नृत्यरचना यांसह कार्यक्रमांची मालिका केली. सत्तेचाळीस वर्षांची गायिका तासन् तास नाचत-गात होती.

यशाच्या या आलेखाखाली दुःखाची एक रेषा सतत सरकत होती. १९७० मध्ये ल्युसिएँ मोरीसने आत्महत्या केली. १९७२ पासून नऊ वर्षे तिचा सोबती असलेला रिशार शाँफ्रे १९८१ मध्ये तिच्यापासून दूर झाला आणि १९८३ मध्ये त्यानेही आपले आयुष्य संपवले. प्रेम केलेल्या तीन पुरुषांनी असे जावे, या योगायोगाने ती खचली. लोकांनी यात शापवाणी शोधली, नियतकालिकांनी मथळे सजवले. तिला स्वतःला मात्र त्या प्रत्येक मृत्यूचा हिशेब एकटीने, रात्रीच्या जागरणात करावा लागत होता. फ्रान्स्वा मित्राँ यांना १९८१ च्या निवडणुकीत तिने उघड पाठिंबा दिला होता. त्यामुळे काही चाहतेही दुरावले. १९८३ मध्ये रंगमंचावरच मरण यावे अशी इच्छा व्यक्त करणारे एक गीत तिने गायले. श्रोत्यांनी ते एका मोठ्या कलावतीचे व्रत समजून डोक्यावर घेतले. १९८५ मध्ये डोळ्यांचे जुने दुखणे उफाळले, पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या आणि मंचावरचे प्रखर दिवेही तिला सोसेनासे झाले.

अशा वेळी इजिप्तहून बोलावणे आले. युसुफ शाहीन हा अरब चित्रपटसृष्टीतील थोर दिग्दर्शक आंद्रे शेदीद या लेखिकेच्या 'ल सिझिएम जूर', म्हणजे 'सहावा दिवस' या कादंबरीवर चित्रपट करत होता. कथा १९४७ च्या कैरोतील, कॉलऱ्याच्या साथीची. सिद्दीका नावाची एक धोबीण आपल्या लहानग्या नातवाला साथीपासून वाचवण्यासाठी जिवाचे रान करते. रोगी सहाव्या दिवसापर्यंत तगला तर वाचतो, या श्रद्धेवर ती मुलाला लपवते आणि नावेतून नाईलच्या मुखाकडे, समुद्राच्या दिशेने निघते. या भूमिकेसाठी शाहीनने दालिदाची निवड केली.

ज्या स्त्रीला जगाने झगमगीत पोशाखात आणि मोकळ्या सोनेरी केसांत पाहिले होते, ती येथे काळ्या वस्त्रात, डोक्यावरून पदर घेऊन, रंगभूषेचा आधार न घेता उभी राहिली. वय लपवायचे नव्हते, उलट वाढवायचे होते. गाण्याची ढाल नव्हती, लहानपणीची अरबी बोली पुन्हा जिभेवर आणायची होती. जी स्वतः कधी आई होऊ शकली नाही, तिने नातवाला छातीशी कवटाळणाऱ्या आजीचे काम केले. १९४७ ची साथ आली तेव्हा योलांडा स्वतः कैरोत चौदा वर्षांची होती. त्या शहराची भीती आणि गंध तिला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. १९८६ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. समीक्षकांनी तिच्या अभिनयाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. अभिनेत्री म्हणून तिचे नाणे खणखणीत असल्याचे बत्तीस वर्षांनंतर, आणि तेही ज्या शहरातून ती निघाली होती त्याच शहरात, सिद्ध झाले. चित्रपटाच्या निमित्ताने ती कैरोत गेली तेव्हा शुब्राच्या लोकांनी आपल्या लेकीला पाहायला गर्दी केली.

फ्रान्समध्ये मात्र तिकीट खिडकीवर हा चित्रपट फारसा चालला नाही. प्रेक्षकांना त्यांची नेहमीची दालिदा हवी होती. येथे तिच्या आयुष्यातील सर्वांत अवघड पेच दिसतो. ही भूमिका करण्यासाठी तिने जे उतरवून ठेवले, ते तीस वर्षांत स्वतःभोवती उभारलेले सारे संरक्षण होते. पॅरिसला परतल्यावर पुन्हा तेच पोशाख, तेच दौरे आणि तीच गाणी तिची वाट पाहत होती. पण त्यांत तिचे मन पूर्वीसारखे रमेना. टेकडीवरच्या मोठ्या घरात एकटेपणा वाढत गेला. नैराश्य हा आजार आहे आणि तो यशस्वी माणसालाही होतो, याची जाण त्या काळच्या झगमगत्या दुनियेत फार कमी होती. दालिदाने स्वतःचे दुःख लपवले नव्हते. ते तिने हजारोंच्या समोर गाऊन सांगितले होते. श्रोत्यांनी ते गाणे म्हणून ऐकले आणि टाळ्या वाजवल्या.

एप्रिल १९८७ च्या अखेरीस तुर्कस्तानातील अंताल्या येथे तिचा शेवटचा कार्यक्रम झाला. २ मेच्या रात्री मोमार्त्रच्या घरी तिने आपली जीवनयात्रा संपवली. चाहत्यांची क्षमा मागणारी एक छोटी चिठ्ठी तिने मागे ठेवली होती. तेव्हा तिचे वय चोपन्न वर्षांचे होते. पॅरिसच्या मादलेन चर्चमधील अंत्यविधीला अफाट जनसमुदाय लोटला आणि मोमार्त्रच्या दफनभूमीत तिला चिरनिद्रा मिळाली. शिल्पकार अस्लाँ याने घडवलेला तिचा पूर्णाकृती पुतळा तेथे आहे. समाधीवर फुले नाहीत असा दिवस सहसा उगवत नाही.

गेल्या चार दशकांत तिची लोकप्रियता ओसरलेली नाही. भाऊ ओर्लांदोने तिची ध्वनिमुद्रणे नव्या रूपात सतत श्रोत्यांपुढे ठेवली. २०१७ मध्ये तिच्या जीवनावर लिझा आझ्युलोस हिने फ्रेंच चित्रपट काढला. त्याच वर्षी पॅरिसच्या गालिएरा या वस्त्र-संग्रहालयात तिच्या पोशाखांचे प्रदर्शन भरले. या पोशाखांमधून कारकीर्दीची सगळी वळणे दिसतात: पन्नाशीच्या दशकातले नेटके झगे, १९६७ चा पांढरा पायघोळ पोशाख, डिस्कोच्या काळातली चमचमती वस्त्रे.

तिच्या आयुष्याकडे केवळ शोकांतिका म्हणून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु त्यामुळे तिच्या कर्तृत्वावर अन्याय होतो. डोळ्यांवर पट्टी बांधलेली, बापाच्या रागाला भ्यालेली स्थलांतरितांची एक मुलगी परक्या शहरात गेली, परक्या भाषेत गायली, तीन वेळा संपली असे जाहीर होऊनही तीन वेळा नव्या रूपात उभी राहिली आणि आपल्या कामाची मालकी तिने स्वतःकडे ठेवली. तिच्या आवाजात इटालियनांना कालाब्रिया ऐकू आले, इजिप्शियनांना नाईल ऐकू आली आणि फ्रेंचांना तर ती त्यांचीच वाटली. तिला जन्मभर हवी असलेली भूमिका एकदाच मिळाली. ती तिने केली, आणि त्या चित्रपटात सिद्दीकाची नाव नाईलच्या पात्रातून समुद्राकडे सरकताना पाहणाऱ्याला पॅरिसच्या दालिदाचा पूर्ण विसर पडतो. एकविसाव्या वर्षी कैरो सोडताना योलांडा जिल्योत्तीला नेमके हेच साधायचे होते.